पुडीचं वजन

मंगळवार, ४ मार्च

ही वही घरखर्चाची. मागच्या बाजूने उघडून लिहिते आहे, म्हणजे हे आणि ते एकमेकांत मिसळायचं नाही. हे म्हणत होते, नवी वही आणतो. निम्मी कोरी असताना नवी कशाला?

मुलगी रविवारी सकाळी झाली. तारीख मेच्या शेवटची होती. माझा रक्तदाब इतका चढला की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबलो तर दोघीही हाती लागायच्या नाहीत. अठ्ठावीस आठवडे भरले होते, बस. वजन एक हजार चाळीस ग्रॅम. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "एक किलो आणि वर चिमूटभर. एवढी तर आपल्याकडे साखरेची पुडी येते." तेव्हापासून घरात तिचं नाव पुडी. मला राग आला होता. पण दुसरं नाव कुणी घेईना, मग मीही मनात तेच म्हणू लागले.

आज मला चाकाच्या खुर्चीवरून नेऊन दाखवली. काचेच्या पेटीत आहे. नाकात नळी, पोटावर तारा, पायाला लाल दिवा बांधलेला. मांडी माझ्या करंगळीएवढी. मी विचारलं, हात लावू का? मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बोट नुसतं टेकवा. फिरवू नका, ह्यांना गोंजारलेलं दुखतं." लेकराला गोंजारू नये हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बोट टेकवलं. यंत्र ओरडलं. बोट काढून घेतलं.

परत आल्यावर डोळे मिटून देवाला नवस बोलले. पुडी माझ्या अंगावर पिईपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही. दिवसातून एकदा एक फळ आणि कपभर दूध. कुणाला सांगायचं नाही, सांगितलेला नवस हलका होतो. माझ्या हातात दुसरं आहे तरी काय? तिच्या सगळ्या गोष्टी यंत्रं करतात. मला एवढं तरी करू दे.

शुक्रवार, ७ मार्च

वजन ९६०. ऐंशी ग्रॅम गेले. सिस्टर म्हणतात, सगळ्यांचं आधी उतरतं, मग चढतं. उतरण्याचं कळलं, चढण्याचं बघू.

पानावर तीन रकाने आखले. पहिल्यात पुडीचं वजन. दुसऱ्यात माझं दूध. तिसऱ्यात नवसाच्या दिवसाची नुसती एक फुली.

मला घरी सोडलं, पण मी गेले नाही. आयांच्या खोलीत सहा खाटा आहेत, त्यातली खिडकीची मला मिळाली. दर तीन तासांनी हात कोपरापर्यंत घासून दूध काढायचं, बाटलीवर वेळ लिहायची, सिस्टरांकडे द्यायची. ते नळीतून पुडीच्या पोटात जातं, दर दोन तासांनी दोन मिली. घरी मी दुधाच्या पातेल्याला लागलेली साय खरवडते त्यात याहून जास्त निघतं. काल दिवसाचं माझं एकशे नव्वद निघालं. सिस्टर खूश झाल्या. म्हणाल्या, "तिला लागतंय त्याच्या कितीतरी पट आहे. उरलेलं गोठवून ठेवते. पुढे कामाला येईल." शिल्लक टाकायची म्हटलं की मला बरं वाटतं.

डब्याचा प्रश्न सुटला. हे सकाळी छापखान्यात जाताना सासूबाईंनी भरलेला डबा देऊन जातात. परत पाठवला तर घरी कळेल, टाकला तर पाप लागेल. झाडूवाल्या मावशींना देते. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या सासूबाईंच्या हाताला चव आहे हो."

हे आतमध्ये येत नाहीत. दरवाजापर्यंत येतात, काचेतून पाहतात आणि बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसतात. आज हात धुण्याच्या बेसिनपाशी बराच वेळ उभे होते, मला वाटलं, येताहेत. नखं घासत होते. शाई जात नाही. मग हात पुसून परत कट्ट्यावर गेले. पुरुषांना या गोष्टींचा कंटाळा असतो.

मंगळवार, ११ मार्च

वजन ९८५. दूध २३०.

डॉक्टरीणबाईंना धीर करून विचारलं, ही अंगावर कधी पिईल? त्या म्हणाल्या, "चोखायचं, गिळायचं आणि मधे श्वास घ्यायचा, हे तिन्ही एकाच वेळी जमावं लागतं. ते चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास येतं. घाई करून उपयोग नाही."

चौतिसावा म्हणजे अजून पाच आठवडे. बाजारात मी भाव विचारल्याशिवाय कोथिंबिरीच्या काडीला हात लावत नाही. आणि देवाशी बोलताना मुदत विचारली नाही. पण शब्द दिला तो दिला.

सासूबाईंचा यांच्याबरोबर निरोप: "डबा चाटूनपुसून येतो, छान. उद्यापासून तूप जास्त घालते." मावशी खूश होतील.

शुक्रवार, १४ मार्च

वजन १०१०. दूध १६०.

मंगळवारचे दोनशे तीस कुठे गेले कळत नाही. तीन वेळा बेरीज केली. आठही वेळचे आकडे बरोबर आहेत. तेवढंच काढते, तेवढाच वेळ बसते, वर दहा मिनिटं जास्तच.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. टाक्यांमुळे असेल.

सकाळभर विचार केला आणि एक गोष्ट सापडली. बुधवारी पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं बाळ दीड किलोचं झालं म्हणून तिने खोलीत सगळ्यांना सांगितलं, तेव्हा माझ्या मनात आलं, हिचंच का? देव ते ऐकणारच. म्हणून आजपासून फळ सोडलं. नुसतं दूध. देवाला दिसू दे की मी मागे हटत नाही.

हे कट्ट्यावर बसून असतात, पण तोंड हलत नाही. पूर्वी डबी दर तासाला उघडायचे. मी म्हटलं, तंबाखू परवडत नाही का आता? "नाही आवडत हल्ली," म्हणाले. सतरा वर्षं आवडत होती. चला, तेवढी काटकसर.

सोमवार, १७ मार्च

वजन १०५०. जन्माच्या आकड्याला मागे टाकलं. दूध ११०. आता तिला दिवसाला एकशे चव्वेचाळीस लागतं.

रकाना उलटला. पहिल्यांदाच जमेपेक्षा खर्च जास्त. गोठवलेल्या शिलकेतून काढताहेत. शिल्लक किती बाटल्या ते सिस्टरांना विचारलं आणि भाग देऊन पाहिलं. सतरा दिवस. आणि तिची गरज रोज वाढते आहे, म्हणजे सतरासुद्धा नाहीत.

सिस्टर सारखं विचारतात, "पाणी पिता ना? जेवता ना पोटभर?" मी हो म्हणते. पाणी खरंच पिते. खोटं बोललेलं निम्मंच.

संपलं तर पावडरीचं दूध घालावं लागेल. सिस्टर म्हणाल्या, एवढ्याशा आतड्याला ते सोसेलच असं नाही, सोसलं नाही तर पोट फुगतं, आतडं सडतंसुद्धा. एवढं बोलून त्या दुसऱ्या पेटीकडे गेल्या, जसं काही पावसापाण्याचं बोलत होत्या.

देवा, मी आणखी काय सोडू? कपभर दूधच राहिलं आहे.

मंगळवार, १८ मार्च

घाईत लिहिते आहे, अक्षर वाचता आलं नाही तर नाही.

दुपारी मोठ्या सिस्टर आल्या. म्हणाल्या, "आमच्या तक्त्यावर पाणी सांडलंय. तुमची वही द्या बरं, तुमचं आमच्यापेक्षा चोख असतं." मी खुशाल दिली. हिशेबाची स्तुती कुणी केली की मी पाघळते, हा माझा जुना दोष आहे.

त्यांनी आकडे उतरवून घेतले आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "ही फुली कसली?"

"काही नाही."

"रोजची आहे. कसलं औषध घेता? दुधातून बाळाला जातं, सांगावं लागेल."

औषध म्हटल्यावर गप्प राहता येईना. सांगितलं. त्यांनी वही मिटली नाही. माझ्या खाटेवर बसल्या, सिस्टर कधी खाटेवर बसत नाहीत. बोट दुसऱ्या रकान्यावरून खाली नेत गेल्या. दोनशे तीस, एकशे साठ, एकशे दहा, आज सकाळी मांडलेले पंच्याऐंशी.

"बाई, आठ दिवस मी डोकं खाजवतेय, हिचं दूध का आटतंय म्हणून. उपास तुम्ही धरलाय आणि घडतोय तिला."

मी म्हटलं, देवाला शब्द दिला आहे. त्या म्हणाल्या, "काय शब्द दिलात?" अंगावर पिईपर्यंत, म्हटलं. त्यांनी बोट तसंच रकान्यावर ठेवलं. "आणि तोवर दूधच राहिलं नाही, तर ती पिणार काय?"

हे मला सुचलं नव्हतं. मॅट्रिकला गणितात चौऱ्याहत्तर होते.

बुधवार, १९ मार्च

सिस्टरांनी काल घरी कळवलं. आज सकाळी सासूबाई आल्या. हेही छापखान्यातून रजा टाकून. आम्ही तिघं कट्ट्यावर बसलो. मी मान खाली घालून सगळं सांगितलं.

सासूबाईंनी आधी डब्याचं विचारलं. "म्हणजे पंधरा दिवस माझं तूप झाडूवालीच्या पोटात?"

मी मान हलवली.

"तरीच ती मघाशी जिन्यात मला बघून हसली. मला वाटलं, वयाचा मान ठेवते."

मग बराच वेळ पट्टा चालला. त्यातलं निम्मं मला लागू होतं, निम्मं माझ्या माहेराला. शेवटी मी म्हटलं, "मी आता जेवीन. पण नवस मोडला म्हणून तिला काही झालं तर?"

हे एव्हाना उठून भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला वाटलं, सासूबाई आता म्हणतील, शिकलीसवरलेली ना तू. पण त्याही माझ्याइतक्याच देवाला भिणाऱ्या. म्हणाल्या, "मोडायचा कशाला? माझ्या नावावर कर."

"तुम्हाला उपास चालत नाही. तुमच्या साखरेच्या गोळ्या."

"अन्न कोण सोडतंय? मी बोलणं सोडते."

हे मागे वळले. "आई, तुला नाही जमायचं."

"म्हणूनच. जमतं ते देऊन देवाला काय कौतुक? मला एकदा तरी गप्प बसलेलं पाहिलंय का त्यानं? पुडी अंगावर पिईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. झालं. आता शेवटचं काय ते बोलून घेते."

आणि अर्धा तास बोलल्या. दूधवाल्याला काय सांगायचं, यांच्या कुठल्या शर्टाचं बटण तुटलंय, पुडीचं खरं नाव काय ठेवू नये, माझ्या आईने लग्नात काय म्हटलं होतं. मग पदर तोंडावर ओढला आणि डबा उघडून माझ्यापुढे सरकवला.

मी जेवले. सोळाव्या दिवशी. भात घशाखाली उतरताना दुखला.

तिसऱ्या रकान्याला वर "सासूबाई" असं लिहिलं आणि आजची फुली मारली.

शुक्रवार, २१ मार्च

वजन १०५५. दूध ११५.

पहाटे पुडी श्वास घ्यायची विसरली. डॉक्टरीणबाई तसंच म्हणाल्या, विसरली. दोनदा. रक्तात जंतू गेले आहेत. परत श्वासाच्या यंत्रावर घातली. दूध बंद. नळीतून थेंबही नाही.

मी जेवले बुधवारी. आज शुक्रवार. आणखी काय हवं समजायला?

डॉक्टरीणबाईंना विचारलं, माझ्यामुळे झालं का? त्या म्हणाल्या, "इतक्या लहान बाळांना होतं. कुणामुळे होत नाही." कुणामुळे होत नाही असं जगात काही असतं का?

शनिवार, २२ मार्च

वजन केलं नाही. हलवायचं नाही तिला.

दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. मी म्हटलं, मी खाणार नाही. आता दूध तिला देतच नाहीत, मग माझ्या जेवण्याने तिचं काय बिघडणार आहे? नवस मला परत घेऊ द्या. देव माझ्यावर चिडलाय, तुमच्यावर नाही.

त्यांनी डबा उघडून मांडीवर ठेवला आणि समोर बसल्या. मी तोंड फिरवलं. त्यांनी झाकणावर बोटाने टकटक केलं. मी म्हटलं, "बोला ना. शिव्या द्या. माझ्या माहेरचा उद्धार करा. तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटते."

त्यांचे ओठ हलले. मी पाहिलं. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. त्यांनी हात तोंडावर दाबून धरला, दुसरा हात त्याच्यावर ठेवला, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सतरा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. भाजी गार होत होती.

मग मी खाल्लं. सगळा डबा. घास तोंडात नुसता फिरायचा. उपास सोपा होता. भूक लागली की वाटायचं, काही तरी चाललं आहे, कुठे तरी जमा होतं आहे. जेवणात तसं काही नाही. जेवायचं आणि वाट बघायची.

सोमवार, २४ मार्च

अजून यंत्रावर. दूध १७०, सगळं गोठवणीत. जमा आहे, खर्च नाही. शिल्लक कधी नकोशी होईल असं वाटलं नव्हतं.

पेटीपाशी उभी राहते. काही करायचं नसतं. यंत्राचे आकडे पाहते, त्र्याण्णव, एक्याण्णव, चौऱ्याण्णव. खाली आले की मीही श्वास धरते. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही धरू नका, तिला त्याचा उपयोग नाही."

त्याच मग बाहेर गेल्या आणि कट्ट्यावरून यांना घेऊन आल्या. हे म्हणाले, "माझे हात काळे आहेत." सिस्टर म्हणाल्या, "शाई आहे ती, घाण नाही. नखं कापलीत, घासलीत, रक्त यायचं बाकी आहे. चला आत." यांनी एक बोट तिच्या तळव्याला टेकवलं. यंत्र ओरडलं नाही. हे काहीच बोलले नाहीत. आमच्या घरातलं आता कुणीच बोलत नाही.

शुक्रवार, २८ मार्च

वजन १०८०. यंत्र काल काढलं. आज नळीतून दूध, दर दोन तासांनी एक मिली. तीन आठवड्यांपूर्वी होतो तिथे परत. सिस्टरांना मी म्हटलं, पहिल्या पानावर आलो की. त्या म्हणाल्या, "पहिल्या पानावर वजन हजार चाळीस होतं. नीट बघा, हिशेबनीस बाई." पाहिलं. चाळीस ग्रॅम पुढे आहे. लिंबाएवढं काही तरी.

झाडूवाल्या मावशी सासूबाईंशी बोलायला आल्या, तूप छान असायचं म्हणाल्या. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दहा दिवसांपूर्वी हे झालं असतं तर मावशींची खैर नव्हती.

शनिवार, ५ एप्रिल

वजन १२१०. दूध ३१०.

आज तिला माझ्या छातीवर उघडी ठेवली, वरून दुलई. दीड तास. आधी वाटलं, हलले तर काही तरी तुटेल. मग तिने गाल चिकटवला आणि झोपली. वजन जाणवतच नव्हतं, ऊब जाणवत होती. मी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि मधेच विसरले.

मधे एकदा श्वास घ्यायला विसरली. पायावर टिचकी मारल्यावर घेतला. त्यानंतर मीच झोपले नाही.

शनिवार, १२ एप्रिल

वजन १३५०. दूध ३४०.

सकाळी अकराला सिस्टर म्हणाल्या, "आज धरून बघू. अपेक्षा ठेवू नका. चाटलं तरी पुष्कळ." पुडीला माझ्याजवळ धरलं. तिने तोंड वळवलं. परत धरलं. ती नुसती ओठ लावून पडून राहिली, मी तिच्याकडे पाहत होते, आणि चोखलं तिने. एकदा. थांबली. मला वाटलं, श्वास विसरली. मग तीनदा. सिस्टरांनी तिच्या गळ्यावर बोट ठेवलं होतं. म्हणाल्या, "गिळलं." मग ती दमली आणि झोपून गेली. चार वेळा. वहीत मांडायचे तर मिली किती, विचारलं. त्या हसल्या. "थेंबांना आम्ही शून्य लिहितो."

मी शून्य लिहिलेलं नाही. चार असं लिहिलं आहे.

बाहेर आले. सासूबाई कट्ट्यावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, हे शेजारी. मी म्हटलं, "प्यायली." सासूबाईंनी तोंड उघडलं, आणि आवाज फुटेना. पंचवीस दिवस न वापरलेला. खाकरल्या, पुन्हा उघडलं.

"जेवलीस का?"

मी म्हटलं, नाही अजून.

मग मात्र धरण फुटलं. बारा वाजून गेले तरी जेवली नाही म्हणजे काय, दूध काय आभाळातून पडतं, झाडूवालीचा हिशेब आपण करायचाच आहे, आणि यांच्या शर्टाचं ते बटण महिना झाला तरी तसंच. मी जेवत होते आणि ऐकत होते. पलीकडच्या कट्ट्यावरच्या माणसाने विचारलं, भांडण झालं का हो? हे म्हणाले, "नाही, बरं झालं सगळं."

तिसऱ्या रकान्यात "फिटला" असं लिहून खाली दुहेरी रेघ ओढली. पुडी अजून पेटीतच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन किलोच्या जवळ जाऊ दे, श्वास विसरायची थांबू दे, तोवर काही बोलता येत नाही. रात्रीतून पुन्हा जंतू येऊ शकतात, हेही म्हणाल्या. वजनाचा आणि दुधाचा रकाना चालू ठेवला आहे.

संध्याकाळी यांचा शर्ट बटण लावायला घेतला. खिशात तंबाखूची डबी होती, गच्च भरलेली, वर पातळ धूळ बसलेली. मी म्हटलं, "ही शिळी झालीय, टाकू का? आज तोंड गोड करण्याऐवजी ताजी आणा हवी तर." यांनी डबी माझ्या हातातून घेतली आणि परत खिशात ठेवली. "अजून बाळ दवाखान्यातच आहे," म्हणाले.

तंबाखूचा आणि दवाखान्याचा काय संबंध? कट्ट्यावर निम्मे बाप तोंड भरूनच बसलेले असतात.